पिराजी मिस्त्रीचा जोड

"निवास, आरं झालं का न्हाई तुझं? पूजा खोळंबलीया हितं!"

आक्का पडवीतनं ओरडली तेव्हा मी टोळाच्या, म्हणजे आमच्या अंगणातल्या गाडीच्या, पोटाखाली उताणा पडलो होतो. एका हातात बावीसचा पाना, दुसऱ्या हातात स्टिअरिंगचा दांडा, आणि डोक्यात अजून चौकातल्या पत्त्यांचा डाव चाललेला. खंडेनवमी होती. आम्ही लोहार. आमच्या घरात ह्या दिवशी हत्यारं बसतात. ऐरण, हातोडे, पाने, कानशी, वेल्डिंगचा होल्डर, सगळं चिंचेनं घासायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. आणि एकदा का आरती झाली, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटून घरी येईपर्यंत त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही. मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर.

"आलो की गं! दोन मिनिटं दम काढ."

"तुझ्या दोन मिनिटांत दहाचे बारा वाजले. तुझे दाजी धोतर नेसून पाटावर बसल्यात कवाधरनं. आण तो पाना. तेवढाच राहिलाय मांडायचा."

दाजी म्हणजे पिराजी मिस्त्री, आक्काचा नवरा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला त्यांचं वेल्डिंगचं दुकान, आणि दुकानामागं घर. सकाळी आठ वाजता त्यांनी तो दांडा माझ्या हातात दिला तेव्हा तो अजून गरम होता. स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांना ओढतो, तो दांडा. सायलेन्सरच्या पाइपाला घासत होता म्हणून त्यांनी मधून कापून, बाक देऊन परत जोडला होता. "बसवून टाक," म्हणाले, "नट आवळ, पिन घाल. दहाच्या आत. उद्या सकाळी सात अठ्ठावीसचा मुहूर्त हाय, टोळ रस्त्यावर काढायचा." मी 'व्हय दाजी' म्हणून चहाला म्हणून चौकात गेलो तो साडेअकराला उगवलो.

दांडा जागेवर बसवला, नट बोटांनी चढवला, आणि पाना लावणार तोवर आक्काचा बांगड्यांचा हात गाडीखाली आला.

"दे हिकडं."

"आक्का, अगं एकच..."

"एक न्हाई आन् दोन न्हाई. दे म्हणते न्हवं?"

मी पाना दिला. त्या वेळी 'नट आवळायचा राहिलाय' एवढं म्हटलं असतं तरी आक्का थांबली असती. दाजींनी फार तर चार शिव्या हासडल्या असत्या. पण शिव्या खायच्या म्हणजे सकाळभर कुठं उलथला होतास ते सांगणं आलं. तेहतीस वर्षांचा घोडा मी, आणि दाजींसमोर अजून पोरासारखा चळचळा कापायचो.

"झाला का रं दांडा?" दाजींनी पाटावरूनच विचारलं.

"झाला, दाजी."

"पिन?"

"घातली."

नट फिरून सुटू नये म्हणून घालायची ती पिन माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. नट पुरता खाली बसल्याशिवाय ती जातच नाही. म्हटलं, उद्या पहाटे उठून बघू. आणि हात धुऊन आरतीला उभा राहिलो.

टोळ हे गल्लीनं ठेवलेलं नाव. नाक खाली, ढुंगण वर, मागची चाकं ट्रकची, पुढची सायकलीच्या मानानं बरी म्हणायची एवढीच. अकरा वर्षं तो आक्काच्या अंगणात उभा होता आणि आक्का त्याच्या एका टोकाला कपडे वाळत घालायची. आजरा भागातल्या एका जहागीरदाराकडं दाजी फाटकाची जाळी बसवायला गेले, तिथं गोठ्यात त्यांना एक जुनी मोटार दिसली. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. दाजींनी मजुरी घेतलीच नाही, मोटार घेतली. मोटारीच्या डिकीत परदेशी मासिकांचा गठ्ठा होता, त्यातल्या एका चित्रानं ह्या शहाण्या माणसाचं डोकं फिरलं. अगदी अशीच जुनी मोटार, पण बॉनेट नाही, इंजिन उघडंबागडं वर आलेलं, आणि पुढची दोन्ही चाकं हवेत, बिथरलेल्या खोंडासारखी.

इंग्रजीच्या नावानं दाजींची बोंब. हायस्कूलच्या गुरव सरांनी वाचून दाखवलं. अमेरिकेत पोरं घरच्या घरी अशा गाड्या बनवतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि पाव मैल पळवायच्या. वळण नाही, काही नाही. सरळ पाव मैल.

"आन् पुढं?" आक्कानं विचारलं होतं.

"पुढं काय न्हाई. थांबायचं."

"पाव मैलासाठी एवढा खटाटोप? चालत गेलासा तर पाच मिनिटांत पोचाल की."

दाजी हसले नाहीत. त्यांनी चित्र कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं आणि कामाला लागले. आठ सिलिंडरचं इंजिन लष्कराच्या मोडीत निघालेल्या ट्रकातून मिळालं, ते शोधण्यातच दोन वर्षं गेली. पिस्टन फुटके होते, ते ओळखीच्या फाउंड्रीत ओतून घेतले, तीनदा. पुढचा आस जुन्या जीपचा. पाइप सगळे हातानं वाकवलेले. जे काही केलं ते रविवारी किंवा दुकान बंद केल्यावर, गिऱ्हाइकाच्या कामाला धक्का न लावता. आणि प्रत्येक जोड मारून झाला, गार झाला, की छोटी हातोडी घेऊन त्याच्यावर टिचकी मारायचे आणि कान लावायचे. आवाज बद्द आला की कापून परत. चासीचा एक जोड त्यांनी सात वेळा मारला. मी म्हटलं, दाजी, आता बास की, कोण बघतंय? तर म्हणाले, "लोखंड बघतंय."

उद्यमनगरात तेव्हा म्हणच पडली होती, की शेजारचं लोखंड तुटेल पण पिराजीचा जोड तुटणार नाही. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कागलपासून गडहिंग्लजपर्यंतच्या त्यांच्याकडं यायच्या.

आक्का गाडीच्या नावानं बोटं मोडायची, पण टोळाची सीट तिनंच शिवली. लाल रेक्झिनची, स्वतःच्या मशीनवर, तीन सुया मोडून. लोहाराची लेक होती, लहानपणी वडिलांच्या भट्टीवर भाता ओढलेली. लोखंड तापून कुठल्या रंगाला आलं की घाव घालायचा, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. तिला लेकरूबाळ झालं नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तिनंच मला वाढवला, लग्नानंतर इकडं आणला, दाजींच्या हाताखाली घातला. माहेर म्हणून तिला जे काही होतं ते मी एवढाच.

दसऱ्याला पहाटे उठलो. पाना हवा होता. दाजींचे सगळे पाने पाटावर झेंडूखाली. म्हटलं, कुठूनतरी मागून आणू. बंडा मेस्त्रीकडं गेलो, तर त्याचीही हत्यारं बसलेली. पलीकडच्या लेथवाल्याकडं तेच. म्हटलं, निदान हुसेनभाईंच्या गॅरेजात मिळेल, तर त्यांनीही सगळे पाने ओळीनं मांडून वर झेंडू वाहिला होता. म्हणाले, "निवास, बारा म्हैनं ह्यांच्या जिवावर खातोय. एक दिवस न्हाई उचलायचा मी. तुला एवढं काय अडलंय?"

काय अडलंय ते सांगायची तिथंही लाज वाटली. परत येऊन टोळाखाली शिरलो, नट चिंधीनं धरून बोटांनी जेवढा फिरेल तेवढा फिरवला. बोटाची साल निघाली. पिनीचं भोक काही दिसेना. एवढ्यात गल्लीतली माणसं हारतुरे घेऊन आली, आणि टोळ ढकलायला लागली, तेव्हा मी घाईघाईनं बाहेर सरकलो.

उसाच्या शिवारातून नवा बायपास होत होता, अजून वाहतुकीला सोडला नव्हता. तिथं मोजून पाव मैलावर चुन्याची रेघ मारली होती. चाळीस-पन्नास माणसं जमली. आक्कानं चाकांवर पाणी घातलं, नारळ फोडला, दाजींना ओवाळलं. इतकी हसताना मी तिला क्वचितच बघितलंय.

"जावा एकदाची," म्हणाली. "पाव मैल जाऊन या आन् माझं अंगण मोकळं करा."

दाजी लाल सीटवर बसले. फेटा काढून आक्काकडं दिला, जुनं हेल्मेट घातलं. मग मला बोटानं जवळ बोलावलं. इंजिन सुरू झालेलं, कानाशी तोंड न्यावं लागलं.

"सगळं एकदा बघितलंस न्हवं? दांडा?"

सात पंचवीस झाले होते. पन्नास माणसं बघत होती. मी म्हणालो असतो 'थांबा', तर मुहूर्त टळला असता, पाना आणायला पूजा मोडावी लागली असती, आणि सगळ्या उद्यमनगरासमोर निवास लोहाराची अब्रू गेली असती. आणि पाव मैलच तर जायचं होतं. पाव मैलात काय होतंय?

"बघितला, दाजी. घट्ट हाय."

त्यांनी माझ्या गालावर थोपटलं. दाजी कधी असं करत नसत.

टोळ ओरडला तेव्हा उसातले बगळे सगळे एकदम उठले. मागच्या चाकांनी धूर काढला, गाडी झेपावली आणि पुढची चाकं जमिनीवरून उचलली, चांगली हातभर, हुबेहूब त्या चित्रातल्यासारखी. लोक बेभान झाले. बंडा मेस्त्रीनं टोपी उडवली. आक्का दाजींचा फेटा छातीशी धरून उड्या मारत होती. मीही ओरडत होतो, खोटं कशाला बोलू.

मग चाकं खाली टेकली ती वाकडी टेकली. दाजी स्टिअरिंग फिरवताहेत आणि चाकं ऐकत नाहीत, हे मला एवढ्या लांबूनही कळलं. टोळ रस्ता सोडून सरळ मोरीच्या कठड्यावर गेला.

सगळे धावले. मीही धावलो. मोरीच्या अलीकडं पन्नासएक पावलांवर, डांबरावर, नट पडला होता. नवा होता, चकाकत होता. लोक माझ्या दोन्ही बाजूंनी दाजींकडं पळत होते. मी वाकलो, नट उचलला, खिशात टाकला, आणि मग परत धावायला लागलो.

स्टिअरिंग छातीत घुसलं होतं. बरगड्या मोडून आत गेल्या होत्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी होतं तेवढं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दाजी जरा शुद्धीवर होते. आक्का पेज आणायला घरी गेली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"निवास, खरं सांग. मी तुला काय करणार न्हाई. हातसुद्धा उचलत न्हाई माझा. नट आवळला होतास?"



"आवळला होता, दाजी. पिनसुद्धा घातली होती."

"आक्काची आण?"

"आक्काची आण."

  त्यांनी उजवा हात मोठ्या कष्टानं तोंडासमोर आणला आणि उलटा-सुलटा करून बघितला.

"मग जोड गेला माझा."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"घाई केली म्हणावं, तर घाई न्हवती केली. टिचकी मारून ऐकला होता रं मी. खणखणीत वाजला होता." थोडा दम घेतला. "म्हंजे कानसुद्धा गेला. हात बी गेला आन् कान बी गेला, आन् मला पत्ता न्हाई. कवाधरनं असंल असं?"

"दाजी, बोलू नका. दम लागतोय तुम्हाला."

"किती ट्रॉल्या असतील, निवास? गेल्या दोन वर्षांतल्या धर. वीस टन ऊस भरून घाटातनं उतरत्यात. वर बायका-पोरं बसलेली असत्यात. एखादा जोड सुटला म्हंजे?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या माणसाला मी भट्टीत हात भाजल्यावरसुद्धा रडताना बघितलं नव्हतं. "सगळ्यांस्नी सांगून ये. जोड तपासून घ्या म्हणावं. पिराजीनं स्वतः सांगितलंय म्हणावं. जाशील न्हवं?"

तेव्हा तरी तोंड उघडायचं. माणूस मरायला टेकला होता, त्याच्याजवळ शिव्या द्यायलासुद्धा श्वास उरला नव्हता. पण आण घेऊन बसलो होतो. एकदा खोटं बोललं की ते राखायला दारात बसावं लागतं, तसा मी बसलो.

"जातो, दाजी."

पुढं जो भेटायला येईल त्याला ते, आक्का उशाशी असतानाही, हाताकडं बघून रडत स्वतःच सांगायचे, "जोड गेला माझा. तुमची ट्रॉली दाखवून घ्या कुणाला तरी." बंडा मेस्त्री म्हणाला, "पिराजी, हुतंय रं. एखादा जातोच की." तर दाजींनी मान फिरवली. पाचव्या दिवशी सकाळी गेले.

मी शब्द पाळला. तेवढा मात्र पाळला! सायकल काढली आणि गावोगाव सांगत फिरलो, की पिराजी मिस्त्रींनी सांगितलंय, जोड तपासून घ्या. आधी लोक हळहळले. मरतानाही लोकांची काळजी केली म्हणाले, देवमाणूस. पण हळहळ किती दिवस टिकणार? दिवाळीनंतर उसाचं गळीत सुरू झालं तसं बोलणं बदललं. शेवटी शेवटी त्याचं काम कच्चंच होतं म्हणे. त्या खुळ्या गाडीपायी दुकानात लक्ष नव्हतं म्हणे. स्वतःच कबूल केलंय की मरताना.

दुकान माझ्याकडं आलं होतं, आणि त्या ट्रॉल्याही माझ्याकडंच आल्या. दाजींचे जोड कापून नव्यानं मारून द्यायला. मी कापले. एकाही जोडात खोट निघाली नाही. आतपर्यंत लोखंडात लोखंड मिसळलेलं, गॅसचा कटर लावला तर शेजारचा पत्रा आधी वितळायचा. असले जोड मी कापायचो आणि त्यांच्या जागी माझे, त्यांच्यापेक्षा वाईट, मारून द्यायचो. आक्का पडवीत बसून बघायची. पहिले काही दिवस चहा आणून द्यायची. मग दुकानाकडं यायचीच बंद झाली. एकदा जेवायला वाढताना म्हणाली, "त्यास्नी कळलं असतं न्हवं, हात बिघडल्याचं? रोज जवळ बसायची मी. मला बी कसं कळलं न्हाई?" मी भाताचा घास तसाच गिळला.

वर्षभर टोळ ताडपत्रीखाली होता. पोलिसांनी सोडल्यावर ओढून आणून अंगणात टाकला, तेव्हापासून त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. भाद्रपदात आक्काच म्हणाली, "काढून टाक. मला बघवत न्हाई." मी इस्माईल भंगारवाल्याला बोलावलं. त्या वेळी मला शहाणपण असतं, तर आधी एकट्यानं तो दांडा काढून पंचगंगेत टाकला असता. पण ताडपत्रीखाली हात घालायची माझी छाती नव्हती.

इस्माईलनं दोन माणसं लावून टोळ आडवा केला आणि खालून एकेक काढायला लागला. मी दुकानाच्या दारात उभा. आक्का पडवीत शेंगा फोडत बसलेली.

"आयला, ह्यो बघा!" इस्माईल ओरडला. त्याच्या हातात तो दांडा होता, नागासारखा वाकलेला. "तीन जागी वाकलाय. पर जोड बघा की, जोड तसाच्या तसा! कुणाच्या हातचा म्हणायचा ह्यो?"

आणि त्यानं त्याच्यावर हातोडी मारली. खणखणीत आवाज आला.

आक्काच्या हातातली शेंग खाली पडली. ती उठली, अंगणात आली, इस्माईलच्या हातातनं तिनं दांडा घेतला. जोडावरून अंगठा फिरवला. मग टोकाकडं आली, जिथं नट बसतो तिथं. पदरानं गंज पुसला आणि नट ज्यांवर फिरत चढतो त्या आट्यांवर नख ओढलं, एकदा, दोनदा.

"आटे कोरे हाईत," ती म्हणाली.

इस्माईलला काही कळलं नाही. मला कळलं.

"नट ओढला गेला असता तर आटे सोलून निघाले असते. पिन असती तर भोक फाटलं असतं." ती माझ्याकडं वळली. "निवास, मी पाना मागितला तवा तू 'एकच' म्हणालास. एकच काय?"

"नट, आक्का. नट आवळायचा राहिला होता."

"ह्यांनी इचारलं होतं तुला?"

"व्हय."

"दवाखान्यात?"

"तिथं बी."

"काय सांगितलंस?"

"आवळला होता म्हणून."

"आण घेतलीस? त्यांनी घ्याय लावली असंल. कुणाची?"

मी तिच्या हातातल्या दांड्याकडं बघितलं.

"कुणाची रं?"

"तुझी."

ती तिथंच मातीत बसली, दांडा मांडीवर घेऊन. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. इस्माईल आणि त्याची माणसं मुकाट्यानं फाटकाबाहेर गेली.

"नट राहतो," ती म्हणाली. "माणसाच्या हातनं राहतंय रं. त्यासाठी मी तुला चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी जेवाय वाढलं असतं. पर माझा माणूस स्वतःला खोटा समजून गेला. स्वतःच्या हाताकडं बघून रडला. आन् तू तिथं उभा होतास."

मी तिच्या पायाशी वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"उचल त्यो दांडा," ती म्हणाली. "आन् चल."

उद्यमनगरातून आम्ही चाललो, ती पुढं, दांडा खांद्यावर घेऊन मी मागं. प्रत्येक दुकानात ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "सांग." आणि मी सांगायचो, "दाजींचा जोड सुटला न्हवता. नट मी आवळला न्हवता. मी खोटं बोललो." मशिनी थांबायच्या. कुणी थुंकलं, कुणी खाली मान घातली. हुसेनभाई एवढंच म्हणाले, "त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी पूजा मोडली असती रं." बंडा मेस्त्रीनं दांडा हातात घेतला, जोडावर टिचकी मारली, कानाशी धरला आणि मग कपाळाला लावला. "पिराजीच हाय," म्हणाला, आणि लुंगीच्या टोकानं डोळे पुसले.

त्या आठवड्यात आम्ही गावंही केली. ज्या ज्या दारात मी सायकलनं गेलो होतो, त्या त्या दारात. आक्का एसटीत माझ्या शेजारी बसायची नाही, पुढच्या सीटवर बसायची. शेवटचं गाव झालं, घरी आलो, तिनं माझ्याकडून दांडा घेतला.

"तुझं सामान काढून ने," म्हणाली. "दुकानाची किल्ली खिळ्याला लाव."

"आक्का..."

"आई गेली तवा तुला कडंवर घेऊन मी आजोळी चालत गेलेली हाय. ते मी विसरणार न्हाई. पर आता जा."

दार लागलं.

आदल्या दिवाळीला घरात दुखवटा होता, त्यामुळं भाऊबीज झाली नव्हती. त्या वर्षी मी साडी घेऊन दिवेलागणीला तिच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, सणाचा दिवस आहे, बोलावेल. फाउंड्रीच्या चिमण्यांच्या वर बीजेची कोर दिसायला लागली होती. आक्का ताट घेऊन अंगणात आली. तिनं मला बघितलं. ताटातला दिवा वाऱ्यानं विझू नये म्हणून पदर आडवा धरला, पश्चिमेला तोंड केलं, आणि चंद्राला ओवाळलं.

ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते. पोरगी असताना आक्का शेजारच्या बायकांना तसं करताना बघायची आणि मला घट्ट जवळ धरायची.

ह्या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. मी दर भाऊबीजेला जातो, गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. आता ती थकलीय, ताट धरलेला हात थरथरतो, कोर शोधायला वेळ लागतो. पण ओवाळते चंद्रालाच.